मोराची चिठ्ठी

संग्रहालयात हसू नये, अशी पाटी कुठेच नव्हती. वस्तूंना हात लावू नये, थुंकू नये, चपला बाहेर काढाव्यात, एवढंच लिहिलेलं होतं. तेव्हा मी हसले यात नियम मोडला असं काही नाही. फक्त जरा मोठ्याने हसले.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी नागपूरला बी.एड. करत होते आणि सरावाच्या शाळेतल्या सहावी 'ब'च्या बत्तीस मुलींना घेऊन धंतोलीतल्या कलासंग्रहालयात आले होते. फाटकावर 'मधुसूदन कलासंग्रहालय' असं भारदस्त नाव होतं, पण अख्खं नागपूर त्याला 'भांडेवाल्या वकिलाचा बंगला' म्हणायचं. वकीलसाहेबांनी चाळीस वर्षं स्वतःच्या हौशीने आणि स्वतःच्या पायांनी विदर्भभर हिंडून वस्तू जमवल्या होत्या. दगडी मूर्ती, लघुचित्रं, गंजिफेचे पत्ते, नक्षीचे दरवाजे, दिवे आणि घराघरातलं पितळ. ते गेल्यावर बंगल्याचं संग्रहालय झालं. मुंबईचे लोक, क्वचित गोरे पाहुणेसुद्धा रिक्षा करून येऊ लागले. मी मात्र काटोलहून येऊन दहा वर्षं नागपुरात राहिले तरी एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं.

देवघराच्या दालनात मुलींनी रांग लावली होती. समया होत्या, बाळकृष्ण होते, अन्नपूर्णा होत्या आणि मधोमध लाल कापडावर एक पितळी मोर बसला होता. त्याच्यापुढे दोन झेंडूची फुलं. तुऱ्याला कुंकू. खाली टपोऱ्या अक्षरातली पाटी — 'मयूर. देवीचे वाहन. पूजेतील.' मुली एकेक करून हात जोडत होत्या, डोळे मिटत होत्या, कोणी परीक्षेत पास कर म्हणून पुटपुटत होती.

मी वाकून पाहिलं. मोराच्या तुऱ्याचं मधलं पीस डावीकडे वाकलेलं होतं. ते मीच वाकवलं होतं, सहाव्या वर्षी, रागाने फरशीवर आपटून.

आणि मला हसू फुटलं.

"तुम्ही काहून हसून राहिल्या?"

मागे एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. चष्मा, खादीचा सदरा, आणि डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेला पांढरा दोरा. रागावला नव्हता. खरंच विचारत होता.

"हा मोर पूजेतला आहे?" मी विचारलं.

"पाटीवर लिहिलंय."

"पाटी कोणी लिहिली?"

"मी."

"मग तुम्ही बायकांच्या न्हाणीत कधी डोकावला नसाल."

त्याचे कान लाल झाले. बत्तीस मुली खुसखुसल्या. मी जरा सावरून घेतलं, पण थांबले नाही. थांबणं माझ्या स्वभावात तेव्हाही नव्हतं. "ही वजरी आहे. पाय घासायची. उलटी करून बघा, खालून खरखरीत असेल. आणि पोटात खडे आहेत. हलवली की वाजते."

त्याने खिशातून किल्ली काढली, काचेचं दार उघडलं, मोर हळूच उलटा केला. खालची बाजू खरखरीत होती, आणि एका कडेला घासून घासून गुळगुळीत झालेली. मग त्याने तो कानाशी नेऊन हलवला.

छुन... छुन...

माझं हसू तिथेच संपलं. काटोलला, उजाडायच्या आत, आई न्हाणीत टाचा घासायची तेव्हा हाच आवाज यायचा. त्या आवाजाने मला जाग यायची. बाकी कशानेच येत नसे.

"तुम्हाला कसं माहीत?" त्याने विचारलं.

"कारण हा आमचा आहे. माझ्या आईचा, तिच्या माहेरचा. दहा वर्षांपूर्वी हरवला." मी श्वास घेतला, आणि जे बोलू नये ते बोलले. "आता कळलं कुठे गेला ते. तुमच्या वकीलसाहेबांनी चोरीचा माल घेतला."

तो पांढरा पडला. पण आवाज चढला नाही. "साहेबांनी कोणाची सुतळीसुद्धा विचारल्याशिवाय घेतली नाही," तो म्हणाला. "मुलींना पाणी पिऊन येऊ द्या. मी सांगतो."

त्याचं नाव विश्वनाथ. घर नागपूरच्या महाल वस्तीत, भोसल्यांच्या काळापासून कारकुनी करणारं घराणं. वकीलसाहेबांची पद्धत त्याने मला अशी सांगितली, जणू स्वतःच्या आजोबांबद्दल बोलतो आहे. ते गावोगावी जायचे ते स्टीलच्या नव्या भांड्यांचं पोतं घेऊन. त्या दिवसांत बायकांना स्टीलचं वेड लागलं होतं, पितळ मोडीत चाललं होतं. साहेब म्हणायचे, मोडीत घालू नका, मला द्या, बदल्यात हवं ते नवं घ्या. आणि वस्तू घेताना एक चिठ्ठी लिहायची. वस्तूचं नाव, देणारीचं नाव, बदल्यात काय दिलं, आणि शेवटी एक ओळ — देताना ती काय म्हणाली. चिठ्ठी दोऱ्याने वस्तूला बांधायची. दोन हजार वस्तू, दोन हजार चिठ्ठ्या.

"मग मोराची कुठे आहे?"

विश्वनाथने दाराकडे पाहिलं. तिथे नत्थू नावाचे म्हातारे पहारेकरी स्टुलावर बसले होते. "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नत्थूकाकांनी सगळं पितळ चिंचेने घासून लखलखीत केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "भिजू नये म्हणून सगळ्या चिठ्ठ्या आधी सोडून ठेवल्या. एकाच बिस्किटाच्या डब्यात."

मला पुन्हा हसू येणार होतं, पण नत्थूकाकांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

चिठ्ठ्या पुन्हा जुळवायला म्हणून संग्रहालयाच्या ट्रस्टने विश्वनाथला नेमलं होतं. दोन वर्षांत बहुतेक जुळल्या. उरल्या सत्त्याऐंशी, आणि त्या सगळ्या बायकांच्या वस्तूंच्या. नावं वाचून त्याला काही बोध होत नसे.

"एवढं पुरुषी संग्रहालय," मी म्हटलं. "तुम्ही शनिवारी दुपारी असता?"

"असतो."

"मी येते. तुमच्या वस्तूंची नावं सांगते. तुम्ही माझ्या मोराची चिठ्ठी शोधा."

"आणि नाहीच सापडली तर मोर तुमचा," तो म्हणाला. "वचन. मी स्वतः काटोलला आणून देईन."

त्या वेळी मला मोर हवा होता. फक्त मोर. हे मी आजही शपथेवर सांगते, आणि विश्वनाथ आजही मान्य करत नाही.

पहिल्या शनिवारी मी सायकलवरून गेले ती भांडायच्या तयारीने. दप्तरात माझा जेवणाचा डबा होता. स्टीलचा, तीन पुडांचा. शाळेच्या वसतिगृहात आले तेव्हापासून तो माझ्यासोबत होता. झाकणावर ठोकून ठोकून काढलेलं नाव — गोपिका. मागच्या खोलीत लांबच लांब टेबल, त्यावर नामहीन पितळ मांडलेलं.

त्याने एक दातेरी चाक असलेली दांडी उचलली. "हे वैद्याचं हत्यार असावं. जखम कापायचं."

"कातण आहे ते. करंजीची कड कापायचं."

"करंजीची?"

"तुमच्याकडे दिवाळीला करंज्या होत नाहीत?"

त्याने दांडी खाली ठेवली. "घरात आम्ही दोघं बापलेक. मी चार वर्षांचा होतो तेव्हा आई गेली. दिवाळीला बर्डीवरून बुंदीचे लाडू आणतो आम्ही. अर्धा किलो पुरतात."

त्यानंतर मी बराच वेळ त्याला चिडवलं नाही. बोंडलं दाखवलं तेव्हा सरळ सांगितलं की हे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, समईत तेल घालायचं नव्हे. त्याने ते ओंजळीत धरलं आणि इतक्या जपून ठेवलं की मला उगाच खिडकीबाहेर पाहावं लागलं. त्या दिवशी अकरा चिठ्ठ्या जुळल्या. मोराची नव्हती.

दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "चहा आणतो," आणि बिस्किटाचा डबा माझ्यापुढे सरकवून गेला. नेहमी नत्थूकाका आणायचे चहा. त्या दिवशी तोच गेला. मी झाकण उघडलं. वरच, पहिलीच चिठ्ठी —

'वजरी. मु. काटोल. सुभद्रा मनोहरराव. माहेरची वस्तू. बदल्यात दिले — स्टीलचा डबा, तीन पुडांचा, नाव घालून. देताना म्हणाल्या — पोट्टी शिकाले नागपूरले चालली. चार पोरीत डबा उघडाले तिनं लाजू नाई. घरी सांगू नोका, वजरी हरवली म्हून सांगन.'

मी ती तीनदा वाचली. मग टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. झाकण उघडं होतं, आत अर्धी भाकरी होती. दहा वर्षं मी त्या डब्यात जेवत होते. वसतिगृहातल्या बर्डीच्या, रामदासपेठेच्या मुलींमध्ये बसून अगदी ऐटीत झाकण उघडत होते. काटोलहून आलेली शेतकऱ्याची मुलगी म्हणून माझ्या डब्याला कोणी कधी हसलं नाही. हसायला जागाच नव्हती. आणि आईने कधी एका शब्दाने...

मला रडू आलं. नुसतं वाईट वाटून नव्हे. आपल्यावर कोणीतरी इतकं प्रेम केलं आणि आपल्याला दहा वर्षं पत्ताच नव्हता, याचं रडू वेगळं असतं. त्यात उपकार असतात, लाजही असते.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. विश्वनाथ, सापडली. तुमचे साहेब चोर नव्हते, मीच तोंडाळ. एवढंच तर बोलायचं होतं. पण चिठ्ठी सापडली म्हणजे मोर इथलाच. आणि माझं इथलं काम संपलं. पुढच्या शनिवारी यायला कारण काय? ते कारण दोन कप चहा सांभाळत दारातून आत येत होतं, चष्म्यावर वाफ धरलेली.

मी चिठ्ठी डब्याच्या वरच्या पुडात टाकली आणि झाकण लावलं.

"डोळे काहून लाल झाले?" त्याने विचारलं.

"चिंचेचा वास."

"चिंच दोन वर्षांपूर्वीची आहे."

"मग माझी आठवण जुनी असेल," मी म्हटलं. त्याने मान हलवली, चहा पुढे केला. साखर घालायची विसरला होता. मी तसाच प्याले.

मग एकामागून एक शनिवार आले. ऑक्टोबरचं ऊन सरलं, सकाळी स्वेटर लागू लागला. मी नावं सांगायची, तो चिठ्ठी शोधून दोरा बांधायचा. दोऱ्याची गाठ मारताना त्याला माझं बोट लागायचं, गाठ घट्ट बसावी म्हणून. वस्तू दोन हजार होत्या, पण माझं बोट न लावता बांधलेल्या एकोणीसशे चिठ्ठ्या सुटून पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. हे मी एकदा बोलूनही दाखवलं.

"त्या गाठी वेगळ्या होत्या," तो गंभीरपणे म्हणाला.

"वेगळ्या कशा?"

"सुटल्या तर चालणार होतं."

एका शनिवारी फणेरं निघालं. शिसवी पेटी, झाकणाच्या आतून आरसा. मी खण दाखवले. हा फणीचा, हा कुंकवाचा, हा मेणाचा.

"मेण कशाला?"

"आधी मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. टिकावं म्हणून."

"टिकावं म्हणून..." तो लिहिता लिहिता म्हणाला आणि मान वर केली. आरशाचा पारा जागोजागी उडाला होता. मला त्यात त्याचा अर्धा चष्मा दिसला आणि त्याला बहुधा माझा एक डोळा. तेवढ्यात भागलं. दोघांनीही झाकण लावायची घाई केली नाही.

वरच्या मजल्यावर एक चित्र होतं, ते त्याने मला त्याच दिवशी दाखवलं. एक बाई झाडाला धरून उभी आहे, पाय उचलून तळव्यातला काटा काढते आहे. कोणी काढलं ते माहीत नाही. टाचेवर चित्रकाराने एक बारीकशी रेघ काढली होती.

"ही भेग आहे," मी म्हटलं. "हा माणूस कधीतरी बायकोच्या पायाकडे नीट बघून बसला असणार."

विश्वनाथ चित्राकडे नाही, माझ्या पायांकडे पाहत होता. मग एकदम खिडकीकडे पाहू लागला. मी त्या आठवड्यात हिस्लॉप कॉलेजसमोरच्या दुकानातून पायाला लावायचं मलम घेतलं. असो.

दिवाळीत घरी गेले. पहाटे जाग आली नाही, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाका मारून उठवलं. न्हाणीशी गेले तर आई विटेच्या तुकड्याने टाचा घासत होती. दहा वर्षं ती विटेने घासत होती, आणि मी दहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. आई म्हणाली, "काय पाहून राहिली वं? जाय, अंग धुवून घे." चिठ्ठी माझ्या डब्यात होती. काढून तिच्या हातात ठेवावी असं फार वाटलं. पण मग एक वेगळाच विचार आला. गप्प राहिले तर मोर घरी येईल. विश्वनाथने वचन दिलंय. आईच्या हातात पुन्हा वजरी येईल. कोणाचं काय जाणार?

परत आले ती डब्यात करंज्या घेऊन. विश्वनाथने एक उचलून आधी कड पाहिली. "ही कातणाची नक्षी?"

"हो. खा आता, संग्रहात ठेवू नका."

त्याने खाल्ली. दुसरी रुमालात बांधली, वडिलांसाठी. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "दोन तारखेला मुंबईहून समिती येऊन राहिली. सरकार संग्रहालय ताब्यात घेणार. तोवर यादी पुरी पाहिजे. माझं काम तिथे संपतं." जरा थांबून, "औरंगाबादच्या एका संग्रहालयाचं पत्र आलंय. बोलावून राहिले."

"छान," मी म्हटलं. करंज्यांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

शेवटचा शनिवार आला. टेबल रिकामं झालं होतं. सगळ्या चिठ्ठ्या आपापल्या घरी गेल्या होत्या. फक्त मोर उरला होता. त्याच्या शेजारी यादीची शेवटची पानं, आणि एका ओळीपुढे जागा कोरी.

"वचन दिलं होतं," विश्वनाथ म्हणाला. "चिठ्ठी सापडली नाही. मोर तुमचा."

"मग या जागेत काय लिहिणार?"

"लिहावं लागेल. 'देणारीच्या संमतीचा पुरावा नाही. मूळ घरी परत.'"

"म्हणजे चोरीचा."

"तसंच वाचतील. दोन हजारांत एक." त्याने पेनाचं टोपण काढलं. "साहेब असते तर म्हणाले असते, लिही बाबा. बाईची वस्तू बाईला मिळू दे."

माझ्यासमोर ते पोतं घेऊन काटोलच्या धुळीत उभे राहिलेले वकीलसाहेब आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डब्यावर माझं नाव घालून आणलं होतं. आणि मी त्यांना चोर म्हटलं होतं, आणि आता ते कागदावर चढणार होतं, तेही या माणसाच्या हाताने. आईची टाच, विटेचा तुकडा, सगळं डोळ्यांपुढे होतं. पण मोर असा नेला असता तर आईने दिलेला डबा मला पुन्हा उघडवला नसता.

मी त्याचा हात धरला. पेन थांबलं.

"नका लिहू." मी डब्याचा वरचा पुड उघडला. चिठ्ठी काढली. तिला तेलाचा एक डाग पडला होता, करंजीचा. "दुसऱ्याच शनिवारी सापडली होती. मी लपवली. साहेबांना मी काय नाही ते बोलले होते... ती लाज होती. आणि..."

"आणि?"

"आणि तुम्ही चहा घेऊन येत होता."

मी मान खाली घातली. ओरडेल, हसेल, चिठ्ठी घेऊन निघून जाईल, काहीही होईल असं वाटत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्याने माझ्यापुढे एक वही ठेवली. जुनी, दोन वर्षांपूर्वीची. सगळ्या चिठ्ठ्या त्याने आल्या आल्या उतरवून घेतल्या होत्या. त्याने बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं, वजरी, मु. काटोल, सुभद्रा मनोहरराव... शेवटपर्यंत. डब्यासकट. पोट्टीसकट.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वजरी म्हणजे काय ते तुम्ही सांगितलं तेव्हा माहीत झालं. घरी जाऊन वही पाहिली."

"मग पहिल्या शनिवारी का नाही दिली?"

"ते चुकलं माझं," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. "दुसऱ्या शनिवारी मात्र सगळ्यात वर ठेवली. तुमच्या आईचं बोलणं माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुम्ही एकटीने वाचावं असं वाटलं. म्हणून चहाला गेलो. परत आलो तर तुम्ही म्हणाल्या, चिंचेचा वास... मी तुमच्या चहात साखर घालायची विसरलो त्या दिवशी. आठवतं?"

"माहीत असून गप्प बसलात?"

"एक शनिवार मी चोरला. बाकीचे पाच तुम्ही," तो म्हणाला. "मी मोजत होतो."

मी तोंड पदरात लपवलं. शरमेने मरून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. "आणि मी दिलीच नसती तर? लिहिलं असतं तुम्ही?"

त्याने पेन माझ्यापुढे धरलं, कागदावर एक रेघ ओढून दाखवली. उमटली नाही. "शाईच नव्हती भरली."

त्याने चिठ्ठी मोराच्या गळ्याला बांधली, मी गाठीवर बोट ठेवलं. त्याने बोट सोडवून घेऊ दिलं नाही.

"औरंगाबादला उत्तर पाठवलं नाही मी," तो म्हणाला. "एका चिठ्ठीची वाट पाहत होतो. गोपिका... आता तरी सांग. पुढच्या शनिवारी येशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला वाक्य संपल्यावर कळलं. "चिठ्ठ्या संपल्या की," मी म्हटलं. "कारण काय सांगू?"

"कारण नको सांगू. नुसती ये."

समिती आली, यादी पाहिली, विश्वनाथला आहे त्याच जागी ठेवायचं ठरवून गेली. त्यानंतरच्या रविवारी मी आईला घेऊन आले. ती काटोलहून पहिल्या एसटीने आली, संत्र्यांची टोपली मांडीवर धरून. तिला मी एवढंच सांगितलं होतं की दर शनिवारी संग्रहालयात कामाला जाते आणि मोर तिथे सापडला.

आता मोर देवघरात नव्हता. वरच्या मजल्यावर, काटा काढणाऱ्या बाईच्या चित्राखाली त्याला जागा दिली होती. आई काचेसमोर उभी राहिली.

"माह्या न्हाणीतला मोर अन् काचेत," ती म्हणाली. मग चित्राकडे पाहिलं. "बरी जागा पायली त्याले."

"मावशी," विश्वनाथने दार उघडलं, "हातात घ्या. हवा असेल तर..."

"देल्लेली वस्तू वापस नाई घेत मी," आई म्हणाली. पण मोर हातात घेतला, एकदाच हलवला. छुन... छुन... तिने डोळे मिटले. "तुमचा वकील लय भला माणूस होता. दारात उभा राहून म्हणे, बाई, देतांना तुमच्या मनात काय हाये? माह्या मनात काय हाये, हे तोवर मले कोणी इचारलंच नोतं. डबा तर कोणीबी देल्ला असता."

माझ्याने राहवलं नाही. मी भर दालनात खाली वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. टाचा खरखरीत होत्या. "काहून देल्ला वं आई," मी म्हटलं, कित्येक वर्षांनी तिच्या बोलीत. "मले सांगाचं तरी."

"सांगतलं असतं तं तू डबा घेतला असता काय?" तिने मला उठवलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग विश्वनाथकडे, त्याच्या बोटाला गुंडाळलेल्या दोऱ्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. आईला फार सांगावं लागत नाही. तिने टोपलीतलं एक संत्रं त्याच्या हातात ठेवलं.

"तुमी काही इचारत नाई?" ती म्हणाली.

"काय... विचारू?"

"तुमचा वकील न इचारता काही नेत नोता म्हणते. तुमी तं माही पोट्टी दर शनवारी ठेवून घेऊन राहिले."

"आई, मी काय भांडं आहे?" मी म्हटलं.

"भांडं नोय वं. भांडं एवढं बोलत नाई."

नत्थूकाका दाराशी हसले. विश्वनाथच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता. त्याने संत्रं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पुन्हा पहिल्या हातात घेतलं.

"आणि दादा?" मी हळूच विचारलं. "आपलं घर, यांचं घर..."

"त्यायले मी सांगन. मोर हरवला म्हून सांगतलं तवा पटलंच होतं न? हेबी पटन. येळ लागन थोडा." आणि विश्वनाथला, "हं. इचारा."

त्याने खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली. पेन काढलं. या वेळी शाई होती. साहेब विचारायचे तसंच, सरळ उभं राहून, त्याने विचारलं. "देताना... काही म्हणायचं आहे?"

आईने थोडा विचार केला. मोर माझ्या हातात दिला.

"लिवा," ती म्हणाली. "पोट्टीले सकायी जाग येत नाई. मोर वाजवा लागते."

ती चिठ्ठी कुठल्याच वस्तूला बांधलेली नाही. ती माझ्या डब्याच्या वरच्या पुडात आहे. दादांना पटायला आईने सांगितला त्याहून जास्त वेळ लागला, पण पटलं. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी विश्वनाथ इतवारीच्या बाजारात जाऊन दोन वजऱ्या घेऊन आला. एक काटोलला पाठवली. दुसरी आमच्या न्हाणीत आहे. तिच्यावर मोर नाही, साधा पोपट आहे, पण पोटात खडे आहेत. उजाडलं की विश्वनाथ ती माझ्या उशाशी आणून वाजवतो.